घरी ‘हाय’, पुस्तकात ‘आहे’ : लेकरांना नेहमीचे शब्द खेळातून वाचता येतात

मेडशी : पहिलीतलं लेकरू फळ्यावरचं ‘कमळ’ वाचतं, ‘मगर’ही वाचतं. पण गोष्टीचं पुस्तक हाती दिलं की पहिल्याच ओळीत अडकतं. कारण गोष्टीत ‘म्हणून’, ‘त्याला’, ‘आम्ही’, ‘होते’ हे शब्द पानोपानी असतात. जोडाक्षरं शाळेत उशिरा शिकवतात, पुस्तक मात्र तोवर थांबत नाही.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. घरी आपण ‘हाय’, ‘नाई’, ‘आमी’ बोलतो. पुस्तकात ‘आहे’, ‘नाही’, ‘आम्ही’ छापलेलं असतं. तांड्यावरच्या लेकराला तर भाकर म्हणजे ‘बाटी’. म्हणजे त्याला अक्षर अन् शब्द दोन्ही नवीनच. यात लेकराचं डोकं कमी नाही, हे आधी पालकांनी समजून घ्यावं.

असे शब्द नजरेत बसायला खेळ कामी येतो. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून पत्ते करा. एका पत्त्यावर एक शब्द, मोठ्या अक्षरात. एका वेळी पाचच शब्द घ्यावेत. वीस पत्ते एकदम मांडले की खेळ राहत नाही, परीक्षा होते. प्रत्येक शब्दाचे दोन पत्ते करून पालथे ठेवा. एकेकाने दोन पत्ते उलटायचे, जोडी जुळली अन् शब्द मोठ्याने वाचला तरच पत्ते आपले. दुसरा खेळ अंगणातला. खडूने चौकोन आखून त्यात शब्द लिहायचे. बाईंनी ‘म्हणून’ म्हटलं की लंगडी घालत त्याच घरात जायचं. यात मागच्या बाकावरचं गप्प पोरगंही उतरतं.

एक धोका आहे. लेकरं हुशार असतात, पत्त्याचा दुमडलेला कोपरा पाहून शब्द सांगतात! किंवा पहिलं अक्षर पाहून ‘काम’ला ‘काका’ म्हणतात. म्हणून पत्ते बदलत राहावेत अन् शब्दातली अक्षरं बोट ठेवून वाचून घ्यावीत. इंग्रजीसारखं अख्खं स्पेलिंग पाठ करायची गरज मराठीत नाही, बहुतेक शब्द लिहिले तसेच वाचता येतात. त्यामुळे अक्षरओळख सोडून नुसते पत्ते खेळवणं मला पटत नाही. शेवटी तोच शब्द वाक्यात आला पाहिजे : ‘आई वावरात आहे.’

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक अन् अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा गावात मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिकवणं उभं केलं. आता केंद्राच्या निपुण भारत अभियानात (सुरुवात 5 जुलै 2021) तिसरी संपताना लेकराने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, असं लक्ष्य आहे. ‘असर’ 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या 23.4 टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. मिनिटाला 60 शब्द गाठायचे तर ‘आहे’, ‘आणि’पाशी अडखळून चालत नाही.

सोंगणीच्या दिवसांत घरी कोणाला वेळ नसतो, हे मलाही माहीत आहे. मग खताच्या थैलीवरचा ‘युरिया’ वाचायला लावा. फाट्यावर एसटी आली की पाटीवर ‘अकोला’ आहे की ‘वाशीम’, हे लेकरालाच विचारा. चुकलं तर हसू नका, गाडी सुटायच्या आत एकदा पुन्हा विचारा.