‘कॅबरे’ला जाताय? आधी खुर्चीचं बघा!

लंडनच्या प्लेहाऊस थिएटरचं २०२१ मध्ये ‘किट कॅट क्लब’ करून टाकलं आणि तिथे ‘कॅबरे’ हे म्युझिकल उभं राहिलं. रंगमंच मधोमध, गोल आणि फिरता; प्रेक्षक भोवताली. त्यामुळे ‘अगदी समोरची रांग’ हा हिशोब इथे चालत नाही. नटाची पाठ प्रत्येकाच्या वाट्याला येते, कमी-जास्त इतकंच.

रंगमंचाला खेटून छोटी टेबलं आहेत, त्यांवर दिवे. तिकीट चांगलंच महाग! पण क्लबचा सूत्रधार एम्सी दोन हातांच्या अंतरावर येऊन थेट तुमच्याकडे बघतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंगही दिसतो. बुजरे असाल तर थोडं मागेच बसा. नाचासाठी जात असाल तर मी डोळे झाकून ड्रेस सर्कलच्या, म्हणजे वरच्या सज्जाच्या, पुढच्या रांगा सांगेन. फिरत्या रंगमंचावर नर्तकांच्या जागा कशा बदलतात, ते वरूनच नीट कळतं. स्वस्तातलं तिकीट घेताना मात्र ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ (म्हणजे रंगमंच पुरता दिसणार नाही) असं लिहिलंय का, ते बघूनच पैसे भरा.

आणि हो, तासभर आधी पोचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावून आत सोडतात. बारपाशी नाच-वादन आधीच रंगलेलं असतं. ते तिकिटातच आलं, खुर्ची कुठलीही असो.