बाटलीवरचं फ्रेंच नाव आणि आतली ब्रँडी

मिरा-भाईंदरमध्ये ब्रँडी दोन वाटांनी घरात शिरते. एक वाट कोपऱ्यावरच्या वाइन शॉपची. थंडीत कुणाला खोकला झाला की तिथून ‘क्वार्टर’ आणली जाते आणि ती देवघराखालच्या नाही तर औषधांच्या कप्प्यात राहते. दुसरी वाट ड्यूटी फ्रीच्या पिशवीतून येते. आखातातून किंवा बोटीवरून सुटीला आलेला उत्तन-डोंगरीकडचा माणूस कॉन्यॅकची, म्हणजे फ्रेंच ब्रँडीची, बाटली आणतो आणि ती नाताळपर्यंत जपून ठेवली जाते. दोन्ही बाटल्यांना आपण ब्रँडीच म्हणतो, पण आत जे असतं त्यात फार मोठा फरक आहे.

‘ब्रँडी म्हणजे द्राक्षांचीच’

फ्रान्समध्ये ही समजूत खरी ठरेल, आपल्याकडे नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा ब्रँडीचा पाया उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क हा असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांत ‘ब्लेंडेड ब्रँडी’ असा वेगळा वर्ग आहे. त्यात शुद्ध द्राक्ष-ब्रँडी किमान 2 टक्के असली तरी पुरते. म्हणजे लेबलावर द्राक्षांचा घोस असला, तरी आतला बहुतेक ऐवज द्राक्षांचा नसूही शकतो.

महाराष्ट्रात ब्रँडीचं मूळ साखरेत कसं आहे, ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला गेलं की कळतं. 1933 मध्ये महादेव दहाणूकरांनी तिथे महाराष्ट्र शुगर मिल्स उभी केली. साखरेमागे मळी आली, मळीमागे मद्यार्क. त्याच उद्योगातून पुढे आलेल्या टिळकनगर इंडस्ट्रीजची ‘मॅन्शन हाउस’ आज देशातल्या सर्वाधिक खपाच्या ब्रँडींपैकी एक आहे आणि तिचं मुख्य गिऱ्हाईक दक्षिणेकडचं आहे. याच कंपनीची दुसरी ब्रँडी ‘कुरिये नेपोलियन’. नाव ऐकून पॅरिस आठवेल, पण माल देशी आहे. कॉन्यॅकच्या नियमांत ‘नेपोलियन’ हा वयाचा दर्जा आहे, मिश्रणातला सगळ्यात कोवळा अर्कही निदान सहा वर्षं लाकडात मुरलेला असावा लागतो. आपल्या बाटलीवर ते निव्वळ ब्रँडचं नाव आहे. यात कुणी कायदा मोडत नाही, पण घेणाऱ्याला हे ठाऊक असलं पाहिजे.

‘कॉन्यॅक’ या नावाचं मात्र तसं नाही. फ्रान्सच्या शारांत नदीकाठचं ते गाव. 1909 मध्ये तिथल्या मुलखाची हद्द कायद्याने ठरली. त्या हद्दीबाहेर तीच द्राक्षं त्याच पद्धतीने ऊर्ध्वपातित केली, तरी त्या ब्रँडीला कॉन्यॅक म्हणता येत नाही. भारतातही या नावाला भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे, जसं आपल्या ‘नाशिक व्हॅली वाइन’ला आहे.

‘द्राक्ष जितकं गोड, तितकी ब्रँडी उत्तम’

नाशिकची टपोरी, मधाळ द्राक्षं खाऊन वाढलेल्या आपल्याला हे आपोआप खरं वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे. कॉन्यॅकसाठी जवळपास सगळीकडे ‘युनी ब्लां’ नावाचं पांढरं द्राक्ष लावतात. त्याची वाइन आंबट, पातळ आणि जेमतेम नऊ-दहा टक्के मद्यार्काची होते. प्यायला ती कुणाला आवडायची नाही. पण ऊर्ध्वपातनाला हीच लागते, कारण तिच्यात सल्फाइट मिसळायला मनाई आहे. त्यामुळे वाइन टिकवायचं काम आंबटपणा करतो. आणि मद्यार्क कमी असल्यामुळे, वाइनमधला सुगंध अर्कात जास्त पटींनी एकवटतो. एक लिटर अर्काला सुमारे नऊ लिटर वाइन लागते.

तांब्याच्या कांद्याच्या आकाराच्या भांड्यात ती दोनदा उकळतात. पहिल्या फेरीत सुमारे तीस टक्क्यांचं गढूळ पाणी मिळतं, दुसरीत सत्तरच्या आसपासचा नितळ अर्क. त्यातही पहिली आणि शेवटची धार बाजूला काढून फक्त मधली ठेवतात. हे सारं सुगीनंतरच्या 31 मार्चपर्यंत उरकावंच लागतं. फ्रान्सच्याच गॅस्कनीतली आर्मान्याक ब्रँडी याहून जुनी. ती बहुधा एकाच फेरीत निघते, म्हणून तिचा बाज रांगडा राहतो. मला ती अधिक मोकळी वाटते.

‘हेनेसीच्या बागा, हेनेसीची दारू’

मार्टेल 1715 ची, रेमी मार्टिन 1724 ची, हेनेसी 1765 ची. चौथी मोठी पेढी कुर्व्हॉझिए. या नावांमागे हजारो एकरांची एकहाती मालकी असेल, असं वाटतं. पण द्राक्षं पिकवतात मुख्यतः हजारो छोटे-मोठे शेतकरी. कित्येक जण स्वतःच उकळतात आणि अर्क पेढीला विकतात. पेढीचं कसब विकत घेण्यात, मुरवण्यात आणि शेकडो पिंपांतले अर्क असे मिसळण्यात आहे की दरवर्षी चव तीच यावी. हेनेसीत हे काम फियू नावाचं एकच कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या करत आलं आहे. गायकीच्या घराण्यात शिष्याचा कान जसा तयार होतो, तसं तिथे नाक तयार होतं.

पेढ्यांचा जन्मही पुरता फ्रेंच नाही. जाँ मार्टेल जर्सी बेटाचा, रिचर्ड हेनेसी आयर्लंडचा. मोठं गिऱ्हाईक लंडन होतं, म्हणून व्हीएस, व्हीएसओपी, एक्सओ ही दर्जाची अक्षरंही इंग्रजी राहिली. आज हेनेसी ज्या समूहाची आहे, त्याच समूहाने 2013 मध्ये नाशिकजवळ दिंडोरीत ‘शाँदों’ ही फेसाळती वाइन सुरू केली. आणि मार्टेलची मालक पेर्नो रिकार कंपनी. 2025 मध्ये तिच्याकडून ‘इंपीरियल ब्लू’ व्हिस्की विकत घेण्याचा करार आपल्या टिळकनगरने केला.

‘कपाटात ठेवली की मुरते’

मुरते ती फक्त ओकच्या पिंपात. काचेत गेली की वय थांबतं. व्हीएस म्हणजे किमान दोन वर्षं, व्हीएसओपी चार, एक्सओ 2018 पासून दहा, आणि हे वय मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या अर्काचं. पाहुण्यांसाठी वीस वर्षं राखलेली व्हीएसओपी आजही व्हीएसओपीच आहे. निम्मी झालेली असेल, तर हवेमुळे तिचा वास उलट विरलेला असेल. ‘फिन शँपेन’ असं लिहिलेलं दिसलं, तर बुडबुडे शोधू नयेत. तो कॉन्यॅकमधल्याच दोन उत्तम पट्ट्यांच्या मिश्रणाचा दर्जा आहे.

‘ब्रँडी औषधी असते’

ही समजूत सगळ्यात घातक आहे, आणि ती मोडावी असं मला मनापासून वाटतं. तिला इतिहास आहे. दारूबंदीच्या काळात मुंबई राज्यात परवाना प्रकृतीच्या कारणावर मिळे, त्यामुळे बाटली आणि औषध यांची सांगड पक्की बसली. युरोपातही तेच. बर्फात अडकलेल्या वाटसरूला कुत्रा ब्रँडी पाजतो ही कल्पना रुजली, ती लँडसीयर या चित्रकाराच्या 1820 च्या चित्रातून.

ब्रँडीने ऊब वाटते, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्याच वाटेने शरीराची आतली उष्णता बाहेर जाते. खोकला तिने बरा होत नाही. चाळीस-बेचाळीस टक्के मद्यार्क जितका व्हिस्कीत, तितकाच हिच्यात. बाळंतिणीला दिली तर आईच्या रक्तात असतो साधारण तेवढाच मद्यार्क दुधातही उतरतो. तान्ह्या मुलाच्या हिरड्यांना किंवा छातीला ब्रँडी चोळण्याची रीत तर पूर्ण बंद व्हायला हवी. लहान मुलांची रक्तशर्करा मद्यार्काने झपाट्याने खाली येऊ शकते, आणि गुंगलेलं मूल ‘शांत झोपलंय’ असं घरच्यांना वाटतं. चुकून एखाद्या मुलाने घोट घेतलाच, तर उलटी करवत बसू नये, झोपू देऊन वाट पाहू नये. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावं. भाईंदर पश्चिमेला टेंभ्याचं सरकारी पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. किती वाजता आणि अंदाजे किती प्यायलं, हे डॉक्टरांना आधी सांगावं.