बिलावर ‘आय-७’, वेग मात्र ‘आय-५’चा? ब्रँडेड डेस्कटॉपला लगाम घातलाय का, असं तपासा

नवघर (भाईंदर पूर्व) : लग्नसराईच्या तोंडावर व्हिडिओ एडिटिंगच्या, फ्लेक्स डिझाइनच्या दुकानात नवा ब्रँडेड डेस्कटॉप येतो. बिलावर ‘आय-७’ असतं आणि त्यासाठी ‘आय-५’पेक्षा चांगले जास्तीचे पैसे मोजलेले असतात. व्हिडिओ रेंडरला लावला की पहिलं अर्धं मिनिट मशीन झकास पळतं, मग वेग उतरतो आणि तिथेच अडकतो. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणतो, “प्रोसेसर ओरिजिनलच आहे, साहेब.” बहुतेक वेळा ते खरंही असतं. गोम वेगळीकडेच असते. प्रोसेसरला किती वॅट वीज घेऊ द्यायची, हे मशीन बनवणाऱ्या कंपनीने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

६५ की १८०?

इंटेलच्या प्रोसेसरला विजेच्या दोन मर्यादा असतात. ‘पीएल-१’ म्हणजे सतत किती वॅट घ्यायचे ती, आणि ‘पीएल-२’ म्हणजे थोड्या वेळासाठी किती उसळी मारायची ती. बाराव्या पिढीचा आय-७ १२७०० घेतला तर इंटेलच्या माहितीपत्रकात त्याची मूळ वीज ६५ वॅट आणि कमाल १८० वॅट दिली आहे. आय-५ १२४०० साठी हेच आकडे ६५ आणि ११७ आहेत. दोघांचा खालचा आकडा एकच, हे लक्षात घ्या. कंपनीने सतत मर्यादा ६५ वर बांधली, तर महागडा आय-७ उसळी संपल्यावर त्याच ६५ वॅटमध्ये काम उरकतो. जास्त कोअर असल्यामुळे तो आय-५च्या थोडा पुढे राहतो, पण मोजलेल्या पैशांइतका नाही.

एक तृतीयांश वीज म्हणजे एक तृतीयांश वेग, असं मात्र होत नाही. मोटारसायकल ६० वरून ८० वर नेताना पेट्रोल जसं जास्तच जळतं, तसंच इथे शेवटच्या थोड्या वेगासाठी वीज भरमसाट लागते.

कंपन्या असं का करतात? डबा लहान, पंखा लहान आणि पॉवर सप्लायही बेताचा, हे कारण. ऑफिससाठीच्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये १८० वॅटचा सप्लाय सर्रास दिसतो. त्यात एकट्या प्रोसेसरने १८० वॅट ओढले तर हार्ड डिस्क, रॅम आणि पंखे कशावर चालणार? त्यामुळे सप्लायवरचं लेबल वाचलं तरी निम्मा अंदाज येतो. ६५ वॅट हा आकडा इंटेलच्याच कागदावर असल्याने याला सरळ फसवणूक म्हणणं कठीण आहे. पण जाहिरातीत प्रोसेसरचं नाव ठळक छापायचं आणि मर्यादेचा आकडा कुठेच द्यायचा नाही, हा प्रामाणिकपणाही नव्हे.

तपासायचं कसं?

अर्ध्या तासाचं काम आहे आणि एक रुपयाही लागत नाही. आधी टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’वर जाऊन प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. शेवटी ‘टी’ अक्षर असेल तर तो मुळातच ३५ वॅटचा आहे. रिफर्बिश्ड मिनी पीसी घेताना हे हमखास सुटतं. आय-५ ८५०० चा मूळ वेग ३ गिगाहर्ट्झ आहे, तर ८५०० टी चा २.१. एका अक्षराचा एवढा फरक! त्यानंतर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्के आहे का, तेही बघून घ्या. कुणीतरी ती ८०-९० वर ठेवलेली असू शकते.

आता ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि ‘सेन्सर्स’ची खिडकी उघडी ठेवा. दुसरीकडे ‘सिनेबेंच आर-२३’मध्ये सर्व कोअरची १० मिनिटांची चाचणी लावा. पहिल्या मिनिटाचा आकडा बघून खूश होऊ नका. पाच-सहा मिनिटांनी ‘सीपीयू पॅकेज पॉवर’समोर काय दिसतं, ते महत्त्वाचं. तिथे वॅट एकाच आकड्यावर खिळलेले असतील, तापमान ६५-७० अंशांवर निवांत असेल आणि ‘परफॉर्मन्स लिमिट रीझन्स’मध्ये पीएल-१ समोर ‘येस’ असेल, तर लगाम विजेचा आहे. त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तापमान १०० अंशांकडे गेलं असेल आणि ‘थर्मल’समोर ‘येस’ दिसत असेल, तर दुखणं निराळं. खाडीलगतची दमट हवा आणि रस्त्यावरची धूळ यांनी पंखा महिन्या-दोन महिन्यांत माखतो. तो साफ करून, थर्मल पेस्ट बदलून फरक पडतो. विजेच्या लगामावर मात्र कितीही फुंकर मारली तरी उपयोग नाही.

एएमडीच्या मशीनमध्ये ‘पीपीटी’ हा शब्द शोधा. ६५ वॅटच्या रायझनला डेस्कटॉपवर साधारणपणे ८८ वॅटपर्यंत मुभा असते. त्याआधीच पीपीटी १०० टक्के दाखवत असेल, तर मर्यादा खाली आणलेली आहे.

मिनी पीसीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. काही कंपन्यांची मशीन मूळ अ‍ॅडॉप्टर ओळखता आला नाही तर प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतात. त्यामुळे ‘डुप्लिकेट’ अ‍ॅडॉप्टर बदलून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पुढे काय?

मशीन टॅली, एक्सेल किंवा सेवा केंद्रातल्या ऑनलाइन अर्जांसाठी असेल, तर हे सगळं विसरलं तरी चालेल. अशा कामात सगळे कोअर एकदम राबत नाहीत, त्यामुळे मर्यादेला धक्काही लागत नाही. तासन्‌तास रेंडरिंग करणाऱ्याला मात्र फटका बसतो. बायोसमध्ये ‘परफॉर्मन्स मोड’सारखा पर्याय असेल तर तो लावून पाहा. ब्रँडेड मशीनमध्ये अनेकदा तोही नसतो. यूट्यूब बघून जबरदस्तीने मर्यादा उठवायच्या भानगडीत पडू नये, कारण बोर्ड आणि सप्लाय तेवढ्यासाठी बनवलेलेच नसतात.

म्हणून चाचणी परतीची मुदत संपायच्या आत करा. त्याहून बरं, घेण्याआधीच ‘सतत किती वॅट मिळतात’ हे विचारून कोटेशनवर लिहून घ्या. लेखी आकडा आणि प्रत्यक्ष आकडा जुळला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्या वेळी जीएसटीचं बिल आणि स्क्रीनचा फोटो हाताशी ठेवावा.