मुलांसाठीं नृत्यवर्ग निवडतांना

पुणतांबा हें गोदावरीच्या कांठचें गांव. चांगदेवांच्या समाधीमुळें भाविकांना तें ठाऊक असतें आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीचा फांटा तेथें फुटतो म्हणून प्रवाशांना. अशा गांवांतील एखाद्या घरीं सात वर्षांची मुलगी मोबाईलच्या पडद्यावर नाच पाहून हातपाय हालवूं लागली, आणि तिला रीतसर शिकवावें असें आईबापांच्या मनांत आलें, म्हणजे पहिला प्रश्न नाचाचा नसतोच. तो गाडीचा, एस. टी.चा आणि संध्याकाळच्या दोन तासांचा असतो. नजर कोपरगांवकडे, श्रीरामपूरकडे किंवा शिर्डीकडे वळते. पुण्यामुंबईच्या गृहस्थांस ही अडचण परकी वाटेल. पण कोथरूडहून कॅम्पांत नाच शिकावयास जाणाऱ्या मुलीची संध्याकाळहि रस्त्यावरच जाते. शाळेंतून थकून आलेलें मूल पुन्हां तासभर प्रवास करून वर्गांत पोंचलें, तर त्याच्या पायांत नाचण्याइतकें बळ कितीसें उरणार? म्हणून दूरच्या नामांकित वर्गापेक्षां जवळचा, मन लावून शिकविणारा शिक्षक पहिलीं दोनतीन वर्षें तरी अधिक चांगला.

पण शिक्षक मन लावून शिकवितो हें ओळखावें कसें? बहुतेक घरांत निवड होते ती वर्गाचें वार्षिक स्नेहसंमेलन पाहून. दिवे, जरीचे पोषाख, रंगविलेले चेहरे, आणि पंचवीस मुली एका ओळींत एकाच वेळीं गिरकी घेतात. आईबाप हरखून जातात. परंतु हा साक्षीदार मोठा अविश्वासू आहे. चार महिने एकच नाच घोटला तर तो कोणाकडूनहि बसवून घेतां येतो. त्यावरून शिंप्याचें कौशल्य कळतें, शिक्षकाचें कळेलच असें नाहीं. त्यापेक्षां एखाद्या साध्या मंगळवारीं पूर्वकल्पना देऊन वर्गांत जावें, कोंपऱ्यांत तासभर बसावें आणि पुढच्या नव्हे, शेवटच्या रांगेकडे पाहावें. पुढच्या रांगेंतील मुलें बहुधा उपजतच तालाचीं असतात. मागें चुकत असलेल्या मुलाकडे शिक्षकाची नजर जाते काय, गेली तर तो काय बोलतो, आणि त्याच्या बोलण्यानंतर त्या मुलाचा पाय सुधारतो कीं नुसता चेहरा उतरतो, एवढें पाहिलें तरी अर्धा निर्णय झाला.

नंतर जमिनीकडे पाहावें. हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. कथ्थकमध्यें ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ या बोलांवर तळपाय सपाट आपटावा लागतो. सोळा मात्रांच्या त्रितालांत एका आवर्तनांत सोळा आघात, आणि लय दुप्पट झाली कीं बत्तीस. अशीं आवर्तनें रोज शेंकड्यांनीं होतात. सिमेंटवर बसविलेली शहाबादी किंवा संगमरवरी फरशी यत्किंचितहि दबत नाहीं. आघाताचा सारा जोर नडगी, गुडघा व कंबर यांच्याकडे परत येतो. वाढत्या वयांत हाडांचीं टोंकें कोंवळीं असतात, त्यांना हा मार सोसत नाहीं. खालीं पोकळी ठेवून बसविलेली लांकडी जमीन सर्वांत उत्तम. लहान गांवांत ती मिळणें कठीण. मग शिक्षक मुलांना मधून मधून थांबवितो काय, सुरुवातीस अंग मोकळें करून घेतो काय, आणि ‘पाय दुखतो’ म्हणणाऱ्या मुलाला बसूं देतो काय, हें पाहणें प्राप्त आहे. दुखणें सोसल्यावांचून कला येत नाहीं, असें सात वर्षांच्या मुलाला सांगणारा शिक्षक टाळावा. घुंगरांचेंहि तसेंच. मोठे नर्तक एकेका पायांत शंभर किंवा अधिक घुंगरूं बांधतात, म्हणून पहिल्याच महिन्यांत मुलीच्या पायांत जड चाळ अडकविण्याची घाई नको. पाऊल नीट पडूं लागल्यावर थोडीं बांधावीं, हा क्रम बरा.

भरतनाट्यम् असेल तर गुडघे पाहावे. अरमंडीमध्यें मांड्या बाहेर वळवून अर्धें बसावयाचें असतें. हा वळसा कमरेच्या सांध्यांतून यावा, आणि गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेनें जावा. पावलें बळेंच बाहेर फिरविलेलीं आणि गुडघे मात्र आंत झुकलेले, अशीं चारपांच मुलें दिसलीं आणि शिक्षकानें त्यांना टोकलें नाहीं, तर उठून घरीं यावें.

भरतनाट्यम् हें दक्षिणेंतलें, आपलें नव्हे, असें कांहीं मराठी घरांत अद्याप म्हणतात. त्यांनीं तंजावरची आठवण ठेवावी. आज शिकविला जाणारा त्या नृत्याचा क्रम चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार भावांनीं लावला असें मानतात, आणि त्यांना आश्रय होता तेथील मराठे राजांचा. १७९८ ते १८३२ या काळांत राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजींनीं नृत्यासाठीं मराठींतून रचना केल्या; मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनीं त्या अभ्यासून रंगभूमीवर आणल्या. तेव्हां कोणती शैली, यावर घरांत वाद घालण्यांत अर्थ नाहीं. जवळ ज्या शैलीचा चांगला शिक्षक असेल, ती शैली.

शिक्षकाचा शिक्षक कोण, हें मात्र नि:संकोच विचारावें. रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं पुण्यास नृत्यभारतीची स्थापना केली, तेव्हां प्रतिष्ठित घरांतील मुलीनें नाचणें पुष्कळांस रुचत नसे. त्या स्वत: शिकवूं लागल्या, तरी त्यांनीं शिकणें थांबविलें नाहीं, लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनीं पुढें अनेक वर्षें तालीम घेतली. गांवांतला शिक्षक एवढा थोर नसणार हें उघड आहे. पण तो अजून कोणाकडे जाऊन शिकतो काय, एवढें विचारतां येतें. त्या दोन गुरूंचीं नांवें मुलग्यांच्या आईबापांनींहि लक्षांत ठेवावीं. मुलगा नाच शिकावयाचा म्हणतो तेव्हां जें हसूं घरांत उमटतें, त्याला आधार नाहीं.

परीक्षांविषयीं थोडें. १९३१ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रांत गांवोगांव प्रचलित आहेत. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. वर्षाला एक धरली तरी सात वर्षें होतात. त्यामुळें अभ्यासाला शिस्त लागते, हें खरें. पण जो वर्ग ‘तीन वर्षांत विशारद’ म्हणून पाटी लावतो, तेथें मुलाला प्रमाणपत्र मिळेल आणि ताल मिळणार नाहीं. चित्रपटगीतांवर नाच शिकविणारे वर्गहि वाईट नव्हेत. मुलाला नुसतें आनंदानें हालावयाचें असेल तर तेथें जावें. फक्त लहान मुलीकडून थोरांचे हावभाव करवून घेतले जात नाहींत ना, तें पाहावें. फीशिवाय पोषाख, रंगभूषा व संमेलन यांचा वर्षाचा खर्च किती, हेंहि आधींच विचारावें. यांत संकोच करणारीं घरेंच पुढें कुरकुरतात.

एक गोष्ट मात्र वाटाघाटीची नाहीं. पालकांनीं वर्गांत बसूं नये असा नियम असणें समजूं शकतें, कारण आई समोर असली कीं मूल आईकडेच पाहतें. पण मधून केव्हांहि डोकावण्यास मज्जाव असेल, दार आंतून बंद होत असेल, किंवा एकट्या मुलाला वर्ग सुटल्यावर थांबवून घेत असतील, तर शिक्षक कितीहि मोठा असो, तेथें मूल पाठवूं नये. मुद्रा सुधारतांना हात लावावा लागतो. कोठें व कां लावतो हें मुलासमोर सांगून लावणारा शिक्षक सहज ओळखूं येतो.

प्रवेश घेतल्यावर महिनाभर घरीं कांहीं विचारूं नये. ‘काय शिकलीस, करून दाखव’ या आग्रहानें पुष्कळ मुलांचा उत्साह मावळतो. मुलगी आपणहून बाहुल्या ओळीनें मांडून वर्ग भरवूं लागेल. त्या वेळीं शेजारच्या खोलींतून ऐकावें: तिच्या तोंडीं बोल किती आहेत, आणि दटावणी किती.