आकाशक स्विच
आकाशक स्विच : बिनतारी संचातील एकच आकाशक, म्हणजे अँटेना, आळीपाळीने प्रेषक व ग्राही यांना जोडणाऱ्या, अथवा अनेक कंप्रता-पट्ट्यांच्या मंडलांपैकी हवे ते मंडल आकाशकाशी जोडणाऱ्या प्रयुक्तीस आकाशक स्विच म्हणतात.

प्रारंभीच्या काळात प्रेषक व ग्राही एकमेकांपासून दूर ठेवीत. भारत व ब्रिटन यांमधील बिनतारी शलाका सेवा १९२७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे, तर ग्रहण केंद्र दौंड येथे होते. या अंतरामुळे प्रबळ प्रेषणाचा उपसर्ग ग्राहीला होत नसे. हातात मावणाऱ्या संचात हे अंतर काही सेंमी. उरते व त्याचे काम स्विचाला करावे लागते.

आवश्यक गुणधर्म : १५० मेगॅहर्ट्‌झच्या आसपास चालणारा हातातील संच सुमारे ५ वॉट शक्ती प्रेषित करतो. त्याच संचाचा ग्राही ५० ओहम संरोधावर ०·२५ मायक्रोव्होल्ट इतका क्षीण संकेत ओळखू शकतो. या दोन शक्तींचे गुणोत्तर सुमारे ४० कोटी गुणिले १ कोटी इतके भरते. म्हणून प्रेषण चालू असता ग्राहीकडे जाणारी शक्ती रोखणे, म्हणजे विलगीकरण, आवश्यक असते. विलगीकरण ३० डेसिबेल असल्यास ५ वॉटपैकी केवळ ५ मिलिवॉट ग्राहीपर्यंत पोहोचतात. याउलट जोडलेल्या मार्गातील हानी शक्य तितकी कमी असावी लागते. ०·५ डेसिबेल हानी म्हणजे सुमारे ११ टक्के शक्तीचा नाश होय.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत या हानीचे महत्त्व विशेष जाणवते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या खोऱ्यांत डोंगरसोंडांच्या आड संकेत थेट न पोहोचता कडांवरून विवर्तनाने, म्हणजे वळून, पोहोचतो व फार क्षीण होतो. माळशेज घाटात पावसाळ्यात दरड कोसळल्यास मदतीसाठी बिनतारी संदेशावरच भिस्त असते. ग्राहीतील पहिल्या विवर्धकापूर्वी झालेली हानी पुढील कितीही विवर्धनाने भरून निघत नाही. कारण संकेताबरोबर गोंगाटही वाढतो. मोकळ्या अवकाशात १ डेसिबेल हानीने संदेशाचा पल्ला सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. स्विच दोन्ही दिशांच्या मार्गात असल्याने त्याचा दोष बोलण्यास व ऐकण्यास सारखाच बाधतो.

रचना : हातातील संचांत पिन द्विप्रस्थाचा वापर रूढ आहे. त्यात पी व एन थरांमध्ये जवळजवळ शुद्ध अर्धसंवाहकाचा थर असतो. काही मिलिअँपिअर एकदिश प्रवाह दिल्यास त्याचा रोध सुमारे १ ओहमवर येतो. प्रवाह बंद होताच तो मार्ग अडवितो. एक द्विप्रस्थ प्रेषक व आकाशक यांमध्ये, तर दुसरा ग्राहीच्या तोंडाशी भूमीकडे जोडतात. आकाशक व ग्राही यांमध्ये पाव तरंगलांबीची तार असते. प्रेषणाच्या वेळी दोन्ही द्विप्रस्थांतून प्रवाह सोडतात. त्यामुळे ग्राहीचे तोंड भूमीशी जोडले जाते; पाव तरंगलांबीच्या तारेमुळे तोच अल्प संरोध आकाशकाच्या बाजूने अतिशय मोठा भासतो व शक्ती आकाशकाकडेच जाते. ग्रहणाच्या वेळी दोन्ही द्विप्रस्थ बंद असतात. संच बहुतेक काळ ऐकण्याच्या स्थितीत असल्याने विद्युत् घटाची बचत होते. १५० मेगॅहर्ट्‌झला पाव तरंगलांबी ५० सेंमी. भरते. एवढी तार संचात मावत नसल्याने तिच्याऐवजी सुमारे ५३ नॅनोहेन्री प्रवर्तनाचे वेटोळे व त्याच्या दोन्ही टोकांशी सुमारे २१ पिकोफॅराड धारणेची धारित्रे वापरतात.

मोबाइल फोन : यात अनेक पट्ट्यांसाठी अनेक मार्गांचा स्विच लागतो व तो सिलिकॉनच्या चकतीवरील ट्रँझिस्टरांनी करतात. २ वॉट शक्तीला ५० ओहमवर विद्युत् दाबाचे शिखर सुमारे १४ व्होल्ट असते. आकाशक हाताने झाकला गेल्यास ते त्याहून वाढते. एक ट्रँझिस्टर जेमतेम २ ते ३ व्होल्ट सहन करतो; म्हणून अनेक ट्रँझिस्टर एकसरीत जोडतात. त्यामुळे रोध वाढतो. तो घटविण्यास ट्रँझिस्टर रुंद करावे, तर बंद स्थितीतील धारणा वाढून उच्च कंप्रतेस विलगीकरण ढासळते. चालू स्थितीतील रोध व बंद स्थितीतील धारणा यांचा गुणाकार जितका लहान तितका स्विच चांगला मानतात. दाब मर्यादेबाहेर गेल्यास स्विच अरेषीय होऊन नको त्या कंप्रता निर्माण करतो व शेजारच्या पट्ट्यातील ग्रहणात व्यत्यय येतो.

हानी, विलगीकरण, शक्तिसहनक्षमता व रेषीयता यांपैकी एक गुण वाढविताना दुसरा घटतो. म्हणून अभिकल्प करताना संच कोठे वापरला जाणार, हे प्रथम ठरवावे लागते. मनोऱ्याजवळच्या शहरी वापरात उपेक्षणीय ठरणारा अर्धा डेसिबेल दुर्गम खोऱ्यात संदेश पोहोचणे वा न पोहोचणे ठरवू शकतो.