सातवे पाऊल : उतारवयातील संसार, श्रद्धा आणि विस्मरण



गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. आरती आटोपून मंडळी प्रसादाकडे वळली होती आणि मी दाराजवळ बूट शोधत होतो. तिथे एक जुने स्नेही भेटले. बरेच महिने ते मंदिरात दिसले नव्हते. (त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी विचारले, "वहिनी कशा आहेत?" त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, परवा माझा हात उठला हो हिच्यावर. लागला नाही, पण उठला. सेहेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आत जाऊन पांडुरंगासमोर उभं राहायची लाज वाटते. म्हणून इथूनच नमस्कार केला."

वहिनींना चार वर्षांपासून अल्झायमर आहे. त्या संध्याकाळी त्या कोट घालून दाराशी उभ्या होत्या. "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल," असे पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. यांनी समजावले, "हेच आपलं घर. आई जाऊन चाळीस वर्षं झाली." ते ऐकून वहिनींनी आई आत्ताच गेल्यासारखा हंबरडा फोडला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या की चौथ्या वेळी यांचा तोल गेला. आदल्या तीन रात्री ते नीट झोपलेले नव्हते.

या देशात मी तीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकी केली. विस्मरणाच्या रुग्णासोबत आलेल्या पतीला किंवा पत्नीला मी गोळ्यांविषयी शेकडो वेळा विचारले असेल. "तुम्हाला झोप लागते का?" हे मात्र क्वचितच विचारले. ही माझी चूक होती, आणि हा लेख लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

त्यांचा पुढचा प्रश्न होता, "आयुष्यभर देवाचं केलं, तरी हे का? आमची श्रद्धा कमी पडली का?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो, म्हणून एक वैद्य आणि एक वारकऱ्याचा नातू या दोन्ही नात्यांनी उत्तर देतो.

प्रथम वैद्य म्हणून. स्मृतिभ्रंश म्हणजे मेंदूचा आजार. तो पूर्वजन्मीचा भोग नाही, नवसात राहिलेली चूक नाही आणि घराण्याला लागलेला डागही नाही. अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला बहुधा सुरुवातीलाच इजा होते. नवीन गोष्ट साठवण्याचे काम या भागाकडे असते. त्यामुळे सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नाही, पण माहेरच्या अंगणातले पारिजातकाचे झाड आठवते. इंग्रजी शिकून इथे आलेल्या आपल्या पिढीत अनेकदा असे दिसते की इंग्रजी हळूहळू मागे पडते आणि लहानपणची मराठी उरते. मग इंग्रजी बोलणाऱ्या मदतनिसाला वाटते की बाई ऐकतच नाहीत.

"घरी जायचंय" याचा अर्थ बहुतेक वेळा एखादा पत्ता नसतो. मला असुरक्षित वाटते आहे, कोणीतरी जवळ घ्या, असे ते मागणे असते. अशा वेळी खरेखोटे सिद्ध करून उपयोग होत नाही. "आईची आठवण येते का? आई काय काय करायची?" असे विचारावे, हात हातात घ्यावा. थोड्या वेळाने मन दुसरीकडे वळते. घडलेला प्रसंग त्या विसरतात, पण त्यातून आलेली भीती किंवा आलेला धीर मात्र मागे रेंगाळतो. म्हणून शब्दांपेक्षा आवाजाची पट्टी महत्त्वाची.

बेचैनी संध्याकाळी वाढते, हे अनेकांनी अनुभवले असेल. इथल्या डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. त्याआधीच दिवे लावावेत, पडदे ओढावेत. आणखी एक सूचना : गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला, तर तो मूळ आजारच वाढला असे धरून चालू नये. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातले पाणी कमी होणे किंवा नवे औषध हेही कारण असू शकते. त्याच दिवशी जीपीला फोन करावा. अंगारा जरूर लावा, पण फोन करून झाल्यावर.

आता श्रद्धेविषयी. आपल्या लग्नात सप्तपदी होते. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे संपत्तीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी. भारतातील 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही असे म्हटले आहे की जिथे सप्तपदीचा विधी असतो, तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. पूर्वजांनी शेवटचे पाऊल सख्याला दिले, यात मला मोठे शहाणपण दिसते. आपल्या वयात पहिली सहा पावले बहुतेक चालून झालेली असतात. मुले मोठी होऊन दूर गेली, कमाई झाली, बळ ओसरले. सातवे पाऊल मात्र रोज नव्याने टाकावे लागते. सख्य म्हणजे समोरच्याने ओळखावे म्हणून केलेला व्यवहार नव्हे. जोडीदाराला आपले नाव आठवत नसतानाही त्याच्या बाजूने उभे राहणे, हेच ते सातवे पाऊल.

पण उभे राहायचे म्हणजे एकट्याने मोडून पडायचे का? इथे पंढरपूरची कथा आठवावी. रुक्मिणीमाता रुसून दिंडीरवनात आली आणि तिच्या शोधात देव तिथे आले. म्हणजे आपल्या देवाची कथाही नवरा-बायकोच्या रुसव्यापासून सुरू होते. पुढे देव पुंडलिकाच्या दाराशी गेले, तेव्हा तो आई-वडिलांच्या सेवेत होता. त्याने वीट पुढे सारली आणि देवाला थांबायला सांगितले. देव रागावले नाहीत. थांबले, आणि अजून थांबलेले आहेत.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिचा अर्थ घरातल्या सेवेकऱ्याला कोणी सांगत नाही. आजारी जोडीदाराला न्हाऊ घालणारा माणूस काकड्याला आला नाही, त्याची एकादशी मोडली, पारायण अर्धवट राहिले, तरी देवाच्या दारी त्याची गैरहजेरी लागत नाही. मी त्या स्नेह्यांना एवढेच म्हणालो, "तुम्ही लाजून दाराशी उभे आहात. तो तर तुमच्यासाठी विटेवर उभा आहे."

त्याचबरोबर वैद्य म्हणून हेही सांगितले की हात उठला ही धोक्याची घंटा आहे. असा क्षण आला, तर घरातील माणूस सुरक्षित आहे हे पाहून दुसऱ्या खोलीत जावे, थंड पाणी प्यावे, कोणाला तरी फोन करावा. आणि ही गोष्ट लपवू नये. ती सांगितली, म्हणूनच पुढची मदत मिळाली.

ही मदत कोणती, तेही लिहून ठेवा. आपण जोडीदाराची काळजी घेत आहोत, अशी नोंद जीपीकडे करावी. इंग्लंडमध्ये काळजी घेणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या गरजांसाठी काउन्सिलकडे केअरर्स असेसमेंट मागता येते. 2014 च्या केअर अ‍ॅक्टने तो हक्क दिला आहे. पेन्शनच्या वयानंतर आजारपणामुळे दैनंदिन मदत लागत असेल, तर अटेंडन्स अलाउन्ससाठी अर्ज करता येतो. त्याला घरची बचत किंवा उत्पन्न आड येत नाही. आणि लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचे कागद रुग्णाला समज असतानाच करावे लागतात. "बघू पुढे" म्हणत वेळ घालवू नये.

आरतीविषयीही सांगायला हवे. वहिनी कधीकधी पतीला विचारतात, "अहो, तुम्ही कोणाकडचे?" पण आरती सुरू झाली की टाळी अचूक पडते आणि शब्द शेवटपर्यंत बरोबर येतात. लहानपणी चालीवर, वारंवार म्हणून पक्के झालेले मेंदूत बराच काळ टिकून राहते. याला चमत्कार म्हणायची गरज नाही, आणि याने आजार बरा होतो असेही कोणी समजू नये. पण दिवसातली ती पाच मिनिटे दोघे एका सुरात असतात. कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर मला ते लिहून देता आले नसते.

आता एक विनंती. आपल्या मंदिरात येणाऱ्या कुटुंबांत अशी किती घरे असतील, हे आपल्याला ठाऊक नाही, कारण लोक सांगत नाहीत. ट्रस्टच्या सेवा समितीने शनिवारी दुपारी दोन तास अशा घरी सोबतीला मराठी बोलणारी माणसे पाठवायला सुरुवात केली आहे. माणसे कमी पडत आहेत. निवृत्त मंडळींनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. ज्यांना येणे जमत नाही, त्यांनी प्रवासखर्च आणि प्रशिक्षणासाठी यथाशक्ती देणगी द्यावी. दानपेटीशेजारी वेगळी पाकिटे ठेवली आहेत. आणि ज्यांच्या घरी गरज आहे, त्यांनी संकोच न करता कार्यालयात सांगावे. नाव गुप्त राहील.

त्या स्नेह्यांच्या घरी आता एक आड एक शनिवारी एक भगिनी बसतात आणि वहिनींबरोबर शेंगा सोलतात. तेवढ्या वेळात हे मंदिरात येतात, आतपर्यंत येतात. घरी साडेतीनला दिवा लागतो आणि दोघांची आरती होते. परवा वहिनींनी पुन्हा विचारले, "अहो, तुम्ही कोणाकडचे?"

हे म्हणाले, "तुमच्याकडचाच."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग बसा की."

नाव गेले, तरी "अहो" अजून शाबूत आहे. पांडुरंग आपणा सर्वांना असेच सख्य देवो.

— सेवा समितीचे एक निवृत्त डॉक्टर