विमान दुसऱ्याच गावी उतरलं तर?

मोबाइलवर विमानाचा प्रवास बघता बघता अचानक 'डायव्हर्टेड' असा शब्द दिसतो आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. आई-बाबा विमानात, तुम्ही बाहेर, फोन लागत नाही. वाटतं, काहीतरी भयंकर झालं असणार आणि वैमानिकाने दिसेल तिथे विमान उतरवलं असणार. पण 'दिसेल तिथे' असं विमानाच्या बाबतीत सहसा होत नाही. इथे नाही जमलं तर कुठे जायचं, हे उड्डाणाआधीच ठरवलेलं असतं.

बंगळुरूकरांना याची थोडी सवय आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे देवनहळ्ळीवर धुकं उतरलं की विमानं चेन्नईला किंवा हैदराबादला वळतात. कधी उलटंही होतं. १९ जून २०२५ ला गुवाहाटीहून चेन्नईला निघालेल्या इंडिगोच्या विमानाला चेन्नईत उतरता आलं नाही. वैमानिकाने 'मेडे' पुकारला आणि विमान बंगळुरूत सुखरूप उतरलं. आत १६८ प्रवासी होते.

'मेडे' म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की आता रांगेत पहिला नंबर आमचा, बाकीच्यांनी थांबा. इंधनाचा हिशोबही आधीच झालेला असतो. ठरलेल्या गावापर्यंतचं, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं. या शेवटच्या अर्ध्या तासाला हात लागणार असं दिसलं, तर वैमानिकाने 'मेडे' द्यायचाच असतो.

जवळपासच्या प्रवासात पर्याय भरपूर. खरी परीक्षा लांबच्या प्रवासात. ९ जानेवारी २०२१ ला एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूकडे निघालं. कॉकपिटमध्ये सगळ्या स्त्रियाच होत्या: कॅप्टन झोया अगरवाल, पापागरी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. जवळपास चौदा हजार किलोमीटर, सतरा तासांच्या आसपास. कौतुक खूप झालं, व्हायलाच हवं होतं. मला मात्र सगळ्यात भारी वाटली ती न दिसणारी तयारी. दोन इंजिनांच्या विमानाला नियम असा, की वाटेत कुठेही एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्याच्या जोरावर ठरावीक वेळेत योग्य विमानतळ गाठता आला पाहिजे. बऱ्याच विमानांसाठी ही मर्यादा १८० मिनिटांची असते. आता विचार करा, ध्रुवाजवळ विमानतळ किती असतील! जे आहेत त्यांची धावपट्टी पुरेशी लांब आहे का? बर्फ साफ केलाय का? अग्निशमनाची गाडी आहे का? रात्री कुणी ड्युटीवर आहे का? आणि हे गेल्या वर्षीचं नाही, विमान तिथे पोहोचेल त्या तासाचं उत्तर हवं.

हे काम जमिनीवर बसलेले डिस्पॅचर करतात. प्रवासभर ते हवामान आणि विमानतळांची स्थिती बघत राहतात आणि बदल झाला की कॉकपिटमध्ये संदेश धाडतात. समुद्रावरून उडणारे वैमानिक १२३.४५ मेगाहर्ट्झवर आपसांतही बोलतात. पुढे गेलेला मागच्याला सांगतो, इथे हादरे बसतायत, जपून. (१-२-३-४-५, लक्षात ठेवायला किती सोपं!)

धावपट्टी बंद असणं, दिवे नसणं अशा सूचनांना 'नोटाम' म्हणतात. येलहंकाला 'एअरो इंडिया' असतं तेव्हा आपला विमानतळ दिवसातले काही तास बंद ठेवतात, ते आठवतंय ना? तेही नोटामनेच कळवतात, कारण त्या वेळात कुणीही बंगळुरूला पर्याय म्हणून धरू नये.

अडचण वेगळीच आहे. माहिती पाठवली म्हणजे ती पोहोचली असं नसतं. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं विमान धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सीवेवर उतरायला निघालं. तिथे चार विमानं रांगेत उभी होती. अगदी शेवटच्या क्षणी ते वर उचललं गेलं. शेजारची धावपट्टी बंद आहे ही सूचना वैमानिकांना दिलेल्या २७ पानांच्या कागदपत्रांत होती, आठव्या पानावर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या पाणी नाही' हा मेसेज शंभर गुड मॉर्निंगखाली गाडला जातो, तसंच. फक्त इथे प्रश्न शेकडो जिवांचा होता.

आणि सुखरूप उतरल्यावरही एक प्रश्न उरतोच: पुढे काय? ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादानला उतरलं. २१६ प्रवासी, १६ कर्मचारी. उतरणं व्यवस्थित झालं. पण गाव लहान, हॉटेलं अपुरी, भाषा अनोळखी आणि कंपनीचा तिथे एकही माणूस नाही. लोकांना वसतिगृहात, शाळेत जमिनीवर गाद्या टाकून झोपावं लागलं. दुसरं विमान त्यांना घेऊन निघालं ते ८ जूनला. म्हणून माझं मत असं, की पर्यायी विमानतळाच्या माहितीत धावपट्टीच्या लांबीसोबत खाटा किती आणि दवाखाना किती दूर हेही यायला हवं.

तुमच्या घरचं कुणी लांब निघालं असेल, तर रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच द्या, दोन-तीन दिवस जास्तीच्या. एक स्वेटर आणि थोडा कोरडा खाऊही. मधुमेह, हृदयविकार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घेऊन ठेवा. आई-बाबांना एक गोष्ट मात्र निक्षून सांगा. छातीत दुखलं, गरगरलं तर 'उगाच कशाला त्रास द्यायचा' म्हणून गप्प बसायचं नाही, लगेच एअर होस्टेसला सांगायचं. विमान वळवायचं की नाही हे ठरवायला कॅप्टनला वेळ लागतो, आणि ध्रुवाजवळ पुढचा विमानतळ दोन तासांवर असू शकतो.